मार्गांचा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू सांगतात, एवढ्याच कारणाने काही मानू नये, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तिचे मोल प्रत्यक्ष कामात कसे उतरते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात दिसते. ते दीक्षित बौद्ध नव्हते, मार्क्सवादी होते. तरीही या स्मरणिकेत त्यांचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पालीचे थोर पंडित. धम्माच्या शोधात त्यांनी घर सोडले, श्रीलंकेत भिक्खूदीक्षा घेतली आणि पुढे मुंबईच्या कामगार वस्तीत, परळला, बहुजन विहार उभारला. 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी १९१८ साली ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता. १९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून दामोदर मायदेशी परतले. बनारस व अलिगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

त्यांच्या गणिताचा गाभा अवकल समीकरणे हा होता. एखादी राशी क्षणाक्षणाला कशी बदलते हे सांगणारे समीकरण म्हणजे अवकल समीकरण. फेकलेला चेंडू, फिरणारा ग्रह, वाढणारी लोकसंख्या, सर्वांची गती त्यात मांडता येते. अशा समीकरणाचे प्रत्येक उत्तर हा जणू एक मार्ग असतो. कोसंबींनी या मार्गांच्या समुदायाकडे भूमिती म्हणून पाहिले. शेजारून निघालेले दोन मार्ग पुढे एकमेकांजवळ राहतील की दुरावतील, हे समीकरण न सोडवताही त्या भूमितीवरून सांगता येते. त्यांचा हा निबंध १९३३ साली जर्मनीतील एका नामांकित गणिती नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याला लागूनच फ्रान्सचे महान गणितज्ञ एली कार्तां यांचे टिपण छापले गेले. पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात भर घातली. आज हा सिद्धान्त कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९४४ साली त्यांनी दिलेले, गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे सूत्रही आनुवंशशास्त्रात त्यांच्याच नावाने वापरले जाते.

गणिताची हीच दृष्टी त्यांनी इतिहासाकडे वळवली. टांकसाळीतून निघताना नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. हातोहात फिरताना ते किंचित झिजते. कोसंबींनी हजारो प्राचीन आहत नाणी तराजूत तोलली आणि झिजेच्या हिशेबावरून त्यांचा कालक्रम लावला. वाळूजच्या कारखान्यांत मायक्रोमीटरने झीज मोजणाऱ्या आमच्या पालकांना या पद्धतीचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. राजांच्या वंशावळींनी जे सांगितले नव्हते, ते लोकांच्या हातांनी झिजलेल्या चांदीने सांगितले.

सह्याद्रीतील लेणी त्यांनी पायी फिरून पाहिली. विहार घाटवाटांवर, व्यापारी मार्गांच्या कडेला का आहेत, असा त्यांचा प्रश्न होता. कार्ल्याच्या शिलालेखांत सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, यवनही आहेत. म्हणजे धम्माचा आधार केवळ राजाश्रय नव्हता, तर व्यापारी व कष्टकरी यांचाही होता. पैठणच्या व्यापारी मार्गांच्या टापूत राहणाऱ्या आपण पितळखोरा व अजिंठा याच नजरेने पाहावेत. त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील मुख्य ग्रंथ १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला.

त्यांचे सर्व निष्कर्ष आम्ही स्वीकारतो असे नाही. जातीचे स्पष्टीकरण त्यांनी प्रामुख्याने उत्पादनपद्धतीत शोधले. बाबासाहेबांनी १९१६ सालीच सजातीय विवाहाच्या बंधनावर बोट ठेवले होते आणि पुढे धर्मशास्त्रांचा आधार उघड केला. आमच्या मते जात का टिकली, याचे उत्तर बाबासाहेबांच्या विवेचनात अधिक मिळते. परंतु जात मनुष्यनिर्मित आहे, काळाच्या ओघात घडली आहे आणि म्हणून मोडता येते, याविषयी दोघांत दुमत नाही.

१९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी त्यांना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. पुण्याहून मुंबईला ते दख्खनच्या राणीने ये-जा करीत. अणुशक्तीपेक्षा या देशाला सूर्यशक्ती अधिक हितकर, हे मत त्यांनी अणुकार्यक्रमाच्या प्रमुखांच्या संस्थेत राहूनही लपवले नाही. जागतिक शांतता चळवळीतही ते अग्रभागी होते. उतारवयात रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाविषयी त्यांनी केलेला दावा गणितज्ञांच्या कसोटीस उतरला नाही आणि त्यांच्या लौकिकास धक्का बसला. १९६२ साली संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. त्यानंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ५९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

कसोटी थोरामोठ्यांनाही चुकत नाही, हेही या चरित्राने शिकवले. आपल्या समाजाच्या अनेक पिढ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो आता मिळाला आहे. या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या आणि पडणाऱ्या प्रत्येकाने तो वापरावा. मोजावे, तपासावे आणि मगच मानावे. कोसंबींना याहून योग्य अभिवादन आम्हांस दिसत नाही.