नाकारलेले भविष्य

चंद्रप्रवासाच्या कादंबऱ्यांमुळे जगभर ख्याती पावलेले ज्यूल व्हर्न पैशाच्या सत्तेचेही जाणकार होते. फ्रान्समधील नान्त येथे ८ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या इच्छेखातर ते कायदा शिकले. ओढा मात्र नाटकाकडे होता. संसारासाठी त्यांनी पॅरिसच्या शेअर बाजारात दलाली पत्करली.

१८६३ मध्ये पहिली कादंबरी गाजताच त्यांनी १९६० च्या पॅरिसचे चित्र रेखाटले. तेथे बँका व कंपन्यांचे राज्य होते, यंत्रांची चलती होती आणि कवीला थारा नव्हता. वाचकांना हे भविष्य पटणार नाही, असे सांगून प्रकाशक हेत्झेल यांनी हस्तलिखित परत केले. ते तसेच पडून राहिले.

१८८९ मध्ये व्हर्न पुन्हा या विषयाकडे वळले. उत्तर ध्रुवाचा प्रदेश लिलावात विकत घेऊन, तेथील कोळशासाठी पृथ्वीचा कललेला आस सरळ करू पाहणारी कंपनी त्यांनी रंगवली. गणितातील एका चुकीने तिचा बेत फसतो.

२४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे त्यांचे निधन झाले. पुढे भा. रा. भागवतांनी त्यांच्या कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या. नाकारलेली कादंबरी अखेर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर १९६० साल इतिहासजमा झाले होते. कंपन्यांची सत्ता मात्र वाढतच गेली होती.