अश्वविद्येचे आचार्य : विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत छत्रे यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचा. घोड्यांचे आणि गाण्याचे अशी दोन वेडे घेऊन ते ग्वाल्हेरीस आले. बाबासाहेब आपटे यांच्याजवळ त्यांनी अश्वविद्या हस्तगत केली, तर हद्दूखाँसाहेबांकडून ख्यालाची तालीम घेतली. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी घोडेच निवडले आणि कुरुंदवाड संस्थानच्या पागेत चाकरी धरली.

१८७९ च्या सुमारास मुंबईत कियारीनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली. अशी अश्वकला हिंदी माणसाला साधणार नाही, ही त्याची दर्पोक्ती विष्णुपंतांना झोंबली, असे सांगतात. कुरुंदवाडकरांच्या आश्रयाने त्यांनी घोडे तयार केले आणि १८८० मध्ये मुंबईच्या क्रॉस मैदानावर ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. भारतीय मालकीची ही पहिली आधुनिक सर्कस होय. दक्षिणेच्या दौऱ्यात तेल्लिचेरीस कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांशी त्यांची गाठ पडली. केरळातील सर्कशीची परंपरा पुढे त्यांच्याच शिष्यशाखेतून वाढली.

गाणे सुटले मात्र नव्हते. गुरुपुत्र रहिमतखाँ काशीत विपन्नावस्थेत भटकत असल्याचे आढळताच विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले, सर्कशीबरोबर गावोगावी नेले आणि त्यांच्या गाण्याचे जलसे केले. विष्णुपंतांच्या पश्चात बंधू काशिनाथपंतांनी सर्कस आणि खाँसाहेब, दोहोंचाही सांभाळ केला. १९२२ मध्ये खाँसाहेबांनी कुरुंदवाडलाच अखेरचा श्वास घेतला. ग्वाल्हेरचे गुरुऋण छत्रे बंधूंनी असे फेडले.