गाडगेबाबांच्या हातचा पैसा

डेबूजी झिंगराजी जाणोरकर १८७६ साली शेणगावी परिटाच्या घरी जन्मले. मामाकडे गुरे राखली, शेत कसले, अन् १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि गाडगे. पुढे कीर्तनापायी लाखांनी पैसा येऊ लागला. इथेच भल्याभल्यांचा पाय घसरतो, मंडळी! बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उठवल्या. स्वतः मात्र मागून आणलेली भाकरच खाल्ली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. घरच्यांना त्या पैशावर हक्क नव्हता. कुंताबाईंनी झोपडीत दिवस काढले; त्यांचे सोसणे आपण फारसे सांगत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवरच बाबांनी देह ठेवला.