कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांचे वसतिगृह

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले आज शिक्षणासाठी गावाहून येऊन ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे राहतात. एका खोलीत चौघे-पाचजण, भिंतीशी लावलेल्या वळकट्या, एकच मोरी आणि अभ्यासाला एकच दिवा, असा बहुतेकांचा संसार असतो. मुलगा अशा ठिकाणी राहावयास निघाला, की खोली कशी आहे याहून खोलीत कोण कोण आहेत याचीच विचारपूस आपण घरची वडील माणसे अधिक करतो. या विचारपुशीच्या मुळाशी काय असते, हे ज्याचे त्याने मनाशी ओळखावे. आपल्या मंडळात विद्यार्थिगृहाचा विषय वारंवार निघतो. म्हणून ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य अशा खोल्यांसाठी वेचले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली होती. ज्या मुलांना शहरात कोणी ओसरीही देत नसे, त्यांना त्यांमुळे निवारा मिळाला. ज्ञातिसंस्थांचे हे ऋण कोणी नाकारू नये. परंतु भाऊरावांना त्याची दुसरी बाजूही तेथेच दिसली. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मात्र त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले.

या वसतिगृहाचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे होते. पुढे 1914 साली कोल्हापुरात राजाच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुने उट्टे काढण्याची संधी आयती चालून आली होती. पण भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही, आणि त्यापायी तुरुंगवास व अतोनात छळ सोसला. ज्यांच्या छपराखालून बाहेर पडावे लागले, त्यांच्याचसाठी हा माणूस तुरुंगात बसला. माझ्या मते त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया येथेच घातला गेला.

त्याआधीच, 1910 साली, त्यांनी मित्रांच्या साहाय्याने दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात भाग घेतला होता. काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचा प्रसार करीत खेडोपाडी भ्रमंती केली. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांनी त्या भ्रमंतीत जाणले. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व घरांतील मुले तेथे एका पंक्तीस जेवत आणि एका जमिनीवर अंथरुणे घालून निजत. जागा अपुरी, धान्य अपुरे, पैसा तर नाहीच. मुलांनी कष्ट करावेत, स्वयंपाक करावा व शिकावे, असा शिरस्ता होता. पुढे कमवा व शिका या नावाने तो सर्वत्र गाजला. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली, आणि त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या कार्यात सौ. लक्ष्मीबाईंचा वाटा फार मोठा आहे. त्या सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढल्या होत्या. तरीही वसतिगृहातील प्रत्येक मूल त्यांनी आपले मानले. मुलांच्या पोटासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे काम मात्र थांबले नाही. 1935 साली शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय, 1940 साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय अशा शाखा निघत गेल्या. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषास 1959 साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताबही मिळाला. 9 मे 1959 रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या संस्थेचे चिन्ह वटवृक्ष हे आहे. त्याची एक पारंबी आपल्या ठाणे जिल्ह्यातही रुजली असून, वाशी येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे.

आता एक स्वतःची गोष्ट सांगून लेख पुरा करतो. शिक्षकाचे शिक्षण घेत असताना आम्ही पाचजण कल्याणात एका खोलीत राहत होतो. त्यांतील एकाचे पाणी पिण्याचे भांडे मी कोणास न कळेल अशा बेताने निराळे ठेवीत असे. त्याला ते कळत होते. वर्षभर त्याने अवाक्षर काढले नाही. परीक्षेच्या आधी मला ताप भरला, तेव्हा रात्रभर उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवणारा तोच होता. आणि पाणीही मी त्याच भांड्यातून प्यालो. पुढे छत्तीस वर्षे मी वर्गात मुलांना समतेचे धडे दिले. प्रत्येक वेळी ते भांडे डोळ्यांपुढे उभे राहत असे. त्याची क्षमा मागावयाची मात्र राहून गेली.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, आपले विद्यार्थिगृह अवश्य उभे राहावे. परंतु त्याच्या नियमावलीत चार जागा इतर समाजांच्या गरजू मुलांसाठी राखाव्यात, अशी माझी मंडळास नम्र विनंती आहे. तसे केल्याने आपल्या मुलांच्या जागा चारने कमी होतील, हे मी जाणतो. पण उरलेल्या मुलांना जे शिक्षण तेथे मिळेल, ते मला फार उशिरा मिळाले.