डुलक्या घेणारा राष्ट्राध्यक्ष

रात्रभर डबा दणाणून सोडणारा प्रवासी पहाटे नाशिक रोडला ताजातवाना उतरेल, असं आपल्याला वाटतं. एवढा घोरला म्हणजे गाढ झोपला असणार! प्रत्यक्षात तोच दुपारी कामावर पेंगत असतो. असाच एक गृहस्थ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता.

विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचा जन्म १८५७ चा, सिनसिनाटीचा. येल विद्यापीठात वर्गात दुसरे आले, पुढे न्यायाधीश झाले. त्यांचा जीव न्यायालयात रमायचा. पण पत्नी नेली यांची महत्त्वाकांक्षा आणि मित्र थिओडोर रूझवेल्ट यांचा आग्रह त्यांना राजकारणात घेऊन गेला. फिलिपिन्सचे गव्हर्नर, युद्धमंत्री आणि १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष. वजनाशी झगडा आधीपासूनच होता. १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या एका डॉक्टरकडून पत्रानं आहार ठरवून घेतला, बरेच किलो उतरवले आणि पुन्हा कमावले. व्हाइट हाउसमध्ये ते दीडशे किलोंच्या घरात होते. (न्हाणीच्या टबात अडकल्याची गोष्ट जगभर सांगतात, तिला पुरावा नाही.)

ते बैठकीत झोपत, जेवताना झोपत, समोरचा बोलत असताना झोपत. अंत्यविधीलाही पहिल्या रांगेत त्यांचा डोळा लागला. त्यांचे लष्करी साहाय्यक आर्ची बट यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत ही काळजी नोंदवून ठेवली आहे. लोकांनी मात्र त्यांना आळशी ठरवलं. २००३ मध्ये जॉन सोटोस या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून मांडलं, की हा स्लीप ॲप्निया असावा. टाफ्ट यांच्या हयातीत या आजाराला नावच नव्हतं. त्याचं नेमकं वर्णन १९६५ मध्ये झालं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेनं मऊ भाग थरथरतात, तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. एका रात्रीत हे शेकडो वेळा घडू शकतं आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. म्हणून तक्रार घेऊन येते ती बायको. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, गाडी चालवताना झोप लागते.

गंमत अशी, की उपायाचं मूळ टाफ्ट यांच्याच काळात सापडतं. पिएर रोबिन या फ्रेंच दंतवैद्यानं १९०२ मध्ये खालचा जबडा पुढे आणणारं एक उपकरण बनवलं. खुजा जबडा जिभेला मागे ढकलतो आणि श्वास अडतो, हे त्यानं ओळखलं होतं. आज दंतवैद्य देतात ते साधन त्याच विचाराचं. वरच्या-खालच्या दातांचं माप घेऊन दोन पट्ट्या बनवतात. झोपताना त्या घातल्या की खालचा जबडा थोडा पुढे राहतो, जीभही त्याच्याबरोबर येते. पुढे किती आणायचा, ते मिलिमीटरच्या हिशेबानं हळूहळू ठरतं. सौम्य ते मध्यम त्रासात, किंवा ज्यांना हवेच्या दाबाचं सीपॅप यंत्र सोसत नाही त्यांना, याचा चांगला उपयोग होतो. पण आधी झोपेची तपासणी हवीच, नाहीतर आवाज थांबेल आणि आजार आतल्या आत राहील. दात-हिरड्या भक्कम लागतात. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ सुटते. काही वर्षांनी दातांची ठेवण किंचित बदलू शकते, म्हणून तपासणीला येत राहावं लागतं.

टाफ्ट यांना यातलं काहीच मिळालं नाही. १९१२ ची निवडणूक ते हरले, आणि मग साधारण वर्षभरात तीसेक किलो वजन उतरवलं. दिवसाची झोप ओसरली. १९२१ मध्ये हवं होतं ते सरन्यायाधीशपद मिळालं आणि जवळपास नऊ वर्षं त्यांनी ते सांभाळलं. वॉशिंग्टनमध्ये ते रोज पायी फिरत. १९३० मध्ये ते गेले. ज्या पुलावरून ते नेहमी चालत जात, त्याला पुढच्याच वर्षी त्यांचं नाव देण्यात आलं.