उपाय, अपाय आणि निवड : र. धों. कर्वे यांचे जीवितकार्य

१

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) यांचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा दोन संदर्भांत येतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव हा एक आणि अश्लीलतेच्या आरोपावरून न्यायालयात उभे राहिलेले संपादक हा दुसरा. पहिल्या संदर्भात त्यांचे स्वतंत्र व्यक्तित्व वडिलांच्या छायेत जाते. दुसऱ्या संदर्भात खटल्यांचीच चर्चा अधिक होते आणि ज्या कामासाठी हे खटले ओढवून घेतले ते काम मागे पडते. हे काम म्हणजे संततिनियमनाची साधने सर्वसामान्य स्त्रीपुरुषांना समजेल अशा मराठीत समजावून सांगणे, त्यांचे गुणदोष मांडणे आणि ती उपलब्ध करून देणे हे होय.

साधनाची निवड ज्याची त्याने, विशेषतः जिची तिने, करावयाची. आणि ती करता यावी यासाठी उपायाबरोबर अपायाचीही माहिती मिळाली पाहिजे, ही भूमिका रघुनाथरावांच्या जीवितकार्याच्या मुळाशी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यांच्या गद्याची घडणही या भूमिकेतूनच सिद्ध झाली आहे.

२

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. १८९१ साली त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात मरण पावल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस आणि रघुनाथरावांचे नऊ होते. या घटनेचा आणि त्यांच्या पुढील कार्याचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह चरित्रकाराने टाळलेला बरा. तथापि, बाळंतपण म्हणजे स्त्रीचा पुनर्जन्म ही समजूत ज्या समाजात शब्दशः खरी होती, त्या समाजात ते वाढले, एवढे निश्चित. १८९३ साली वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. लोकमताविरुद्ध वागण्याचे मोल काय असते, याचा पाठ रघुनाथरावांना घरातच मिळाला होता.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ साली बी.ए. होऊन त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा पेशा पत्करला. गणिताच्याच उच्च अभ्यासासाठी ते काही काळ पॅरिसला राहिले. फ्रेंच भाषा आणि फ्रेंच विचारविश्व यांच्याशी तेव्हा जडलेला संबंध अखेरपर्यंत टिकला. १९४६ साली प्रसिद्ध झालेले ‘पॅरिसच्या घरी’ हे पुस्तक त्याची साक्ष देते.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हे भारतातील असे पहिले केंद्र मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र याच वर्षी मार्चमध्ये उघडले होते. तत्पूर्वी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्गारेट सँगर यांनी काढलेले केंद्र पोलिसांनी बंद पाडले होते. या दोन प्रयत्नांच्या तुलनेत रघुनाथरावांपाशी संघटना नव्हती आणि धनिकांचा आश्रयही नव्हता. पाठीशी होत्या त्या पत्नी मालतीबाई. मूल होऊ न देण्याचा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला होता. १९२३ साली ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक निघाले. त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. महाविद्यालयाच्या चालकांना हा प्रचार मानवला नाही आणि रघुनाथरावांना नोकरी सोडावी लागली. प्रचार सोडला असता तर नोकरी राहिली असती. त्यांनी प्रचार ठेवला.

३

रघुनाथरावांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळी कोणती साधने उपलब्ध होती, हे पाहणे अगत्याचे आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गोळी आणि तांबी येते. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६० साली, म्हणजे रघुनाथरावांच्या निधनानंतर सात वर्षांनी. त्यांच्या हयातीत निवड करावयाची होती ती निराळ्याच साधनांतून.

पुरुषासाठी रबरी निरोध होता. तो वापरण्यास सोपा, शरीराला निरुपद्रवी आणि गुप्तरोगांपासूनही बचाव करणारा. परंतु तो वापरावयाचा की नाही हे सर्वस्वी पुरुषाच्या मर्जीवर. स्त्रीसाठी गर्भाशयमुखावर बसणारी रबरी टोपी आणि त्याहून मोठा डायफ्रॅम होता. त्यात निर्णय स्त्रीच्या हाती राहत असे, हा त्याचा मोठा गुण. पण योग्य माप जाणकाराकडून घ्यावे लागे, बाळंतपणानंतर ते पुन्हा तपासावे लागे, आणि साधन धुऊन, कोरडे करून ठेवावे लागे. चाळीतील एका खोलीत सासूसासऱ्यांसह राहणाऱ्या स्त्रीला एवढा एकांत मिळणे किती कठीण होते, हे सांगावयास नको. शिवाय दमट उष्ण हवेत रबर लवकर खराब होते, आणि तेल लागले तर त्याची ताकद जाते.

क्विनीनयुक्त वड्या आणि अन्य शुक्रजंतुनाशक द्रव्ये बाजारात मिळत. ती वापरणे सोपे होते. पण केवळ त्यांवर विसंबणे धोक्याचे होते, आणि काही स्त्रियांना त्यांमुळे आग व दाह होई. संबंधानंतर पाण्याने धुणे हा उपाय सर्वत्र प्रचलित होता आणि तितकाच बेभरवशाचा होता. १९२०-३० च्या दशकात जर्मनीत ग्रेफेनबर्ग यांनी गर्भाशयात बसवावयाची कडी प्रचारात आणली. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके उपलब्ध नसण्याचा तो काळ होता. त्यामुळे जंतुसंसर्गाच्या भीतीने वैद्यकवर्गाने ती लवकरच बाजूस सारली. पुरुषाची नसबंदी ही किरकोळ शस्त्रक्रिया, पण खच्चीकरणाशी तिची गल्लत होत असल्यामुळे तिच्याविषयी भय फार होते.

सुरक्षित काळाची कथा तर विशेष उद्बोधक आहे. जपानमधील ओगिनो आणि ऑस्ट्रियातील क्नाउस यांच्या संशोधनापूर्वी दोन पाळ्यांमधला मधला काळ निर्धोक असल्याची समजूत वैद्यकातही होती. वस्तुतः गर्भधारणेचा संभव त्याच काळात सर्वांत अधिक असतो. ओगिनो यांचे संशोधन १९२४ सालचे, क्नाउस यांचे त्यानंतरचे. १९२३ साली पुस्तक लिहिणाऱ्या कोणालाही ते उपलब्ध असणे शक्य नव्हते. ज्ञान असे पाच-दहा वर्षांत उलटेपालटे होत असेल, तर एकदा पुस्तक लिहून हा विषय संपत नाही. त्यासाठी सतत दुरुस्त होत राहणारे माध्यम, म्हणजे नियतकालिक, हवे. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले, त्यामागील एक निकड या दृष्टीने समजून घेता येते.

आक्षेपकांचा भर साधनांच्या दुष्परिणामांवर होता. कृत्रिम साधनांनी कर्करोग होतो, वंध्यत्व येते, मज्जातंतू दुर्बल होतात, अशी भाकिते त्या काळी जगभर केली जात. यावर दोन प्रकारची उत्तरे संभवतात. साधने सर्वथा निर्दोष आहेत असे ठासून सांगणे हे प्रचारकाचे उत्तर झाले. कोणत्या साधनाने कोणाला, किती आणि कशामुळे त्रास होऊ शकतो हे वेगवेगळे सांगणे हे अभ्यासकाचे उत्तर. रघुनाथरावांचा पिंड दुसऱ्या प्रकारचा होता. साधनाच्या अपायाची तुलना निरोगी अवस्थेशी नव्हे, तर वारंवार येणाऱ्या गर्भारपणाशी आणि चोरून केलेल्या गर्भपाताशी करावयास हवी, हा या विषयातील खरा हिशेब होता. गर्भपात तेव्हा दंडविधानानुसार गुन्हा होता. त्याला मर्यादित कायदेशीर मान्यता मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

गणिताचा संस्कार येथे उपयोगी पडला असावा. १९३३ साली अमेरिकन संशोधक रेमंड पर्ल यांनी साधनांचे अपयश मोजण्याची रीत घालून दिली. शंभर स्त्रियांनी एक वर्ष साधन वापरले असता किती गर्भधारणा होतात, ते मोजावयाचे. या रीतीत कोणतेही साधन शंभर टक्के खात्रीचे ठरत नाही. निवड अचूक आणि चूक यांतील राहत नाही. कमी-अधिक संभाव्यतेतील राहते. अशी निवड करावयाची तर वाचकाला प्रौढ, विचारक्षम मानावे लागते. मराठी निबंधपरंपरेत उपदेशकाचा स्वर प्रबळ होता. रघुनाथरावांचे वाक्य मात्र आटोपशीर, अनलंकृत आणि बहुधा कोरडे असते. हा कोरडेपणा कलादृष्टीचा अभाव म्हणून नोंदवला जातो. माझ्या मते तो वाचकाविषयीच्या आदराचा प्रकार आहे.

४

‘समाजस्वास्थ्य’ सव्वीस वर्षे चालले. वाचकांचे प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. जे प्रश्न वैद्याला विचारण्याचीही सोय नव्हती, ते या पानांवर विचारले जात. कायद्याचा बडगा बसला तोही याच ठिकाणी. १९३१ साली व्यभिचारविषयक लेखावरून त्यांना दंड झाला. १९३४ साली प्रश्नोत्तरांवरून पुन्हा खटला झाला. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. नियतकालिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असेल तर त्यावरील प्रश्नाला दिलेले उत्तर केवळ विषयामुळे अश्लील ठरू नये, या दिशेने बचाव मांडला गेला. तो मान्य झाला नाही आणि दंड भरावा लागला. या साहचर्याला पुढे राजकीय आशयही लाभला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. तो फेटाळला गेला.

दुसरा विरोध नैतिक स्वरूपाचा होता. महात्मा गांधींना संततिनियमन मान्य होते, परंतु त्याचा मार्ग संयमाचा. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी कृत्रिम साधनांविषयीचे त्यांचे मत बदलले नाही. रघुनाथरावांचा या भूमिकेशी मूलभूत मतभेद होता. कामसुख हे पाप नाही आणि त्यावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते मानीत. संयम हा पुरुषाने ठरवावयाचा आणि त्याच्या अपयशाचे फळ स्त्रीने भोगावयाचे, ही संयममार्गाची व्यवहारातील विषमता या भूमिकेतून स्पष्ट होते.

रघुनाथरावांच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ते वैद्य नव्हते. त्यांचा वाचक प्रामुख्याने शहरी आणि साक्षर होता. रबरी साधनांचा खर्च आणि ती वापरण्यास लागणारी जागा ज्यांच्यापाशी नव्हती, अशा बहुसंख्य स्त्रियांपर्यंत त्यांचा शब्द पोहोचला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. मासिकाचा शेवटचा अंक पुढील महिन्यात निघाला.

५

त्यांच्या अखेरच्या दिवसांत भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत हा कार्यक्रम स्वीकारला होता. या स्वीकाराबरोबर शब्द बदलत गेले, हे भाषेच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. संततिनियमन या शब्दात कर्ता व्यक्ती आहे. कुटुंबनियोजनात कर्ता कुटुंब झाले. लोकसंख्यानियंत्रणात शासन कर्ता झाले आणि स्त्री संख्या झाली. १९६५ पासून लूप मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. रक्तस्राव आणि वेदना हे त्याचे ज्ञात परिणाम असूनही ते आधी सांगण्याची आणि नंतर उपचार करण्याची व्यवस्था अपुरी होती. परिणामी अफवा पसरल्या आणि साधनावरचा विश्वास उडाला. १९७६ सालच्या सक्तीच्या नसबंदीने तर संमतीचा प्रश्नच निकालात काढला. १९८६ साली नेट-एन या इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना दुष्परिणामांची पूर्ण माहिती दिली होती काय, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. रघुनाथरावांनी सहा दशकांपूर्वी हाती घेतलेला प्रश्नच तेथे नव्याने उभा राहिला, असे म्हणता येईल.

अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट आणि ‘समाजस्वास्थ्य’ (२०१७) हे नाटक यांमुळे रघुनाथरावांचे नाव पुन्हा चर्चेत आले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र काळापुढचा एकाकी द्रष्टा ही प्रतिमा पुरेशी नाही. अशा प्रतिमेला वंदन करून मोकळे होता येते. त्यांचे लेखन आपल्याकडून अधिक काही मागते. उपाय सांगणाऱ्याने अपाय लपवू नये आणि अपाय सांगणाऱ्याने निवड हिरावून घेऊ नये, ही त्या लेखनाची शिस्त आहे. साहित्याच्या अभ्यासक्रमात निबंध शिकवताना आपण शैलीची चर्चा करतो. माहिती देणाऱ्या साध्या गद्याचेही एक नीतिशास्त्र असते, हे विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे असेल, तर ‘समाजस्वास्थ्य’ची पाने वर्गात उघडली गेली पाहिजेत.