विद्युतरोधाचा हिशेब मांडणारे ओहम

घरातील इस्त्रीला २३० व्होल्टचा विद्युतदाब मिळत असेल आणि तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर दाबाला प्रवाहाने भागून ४६ ओहम हा तिचा विद्युतरोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की ११५० वॅट ही तिची शक्ती कळते. शाळकरी मुलेही हा हिशेब सहज करतात. त्यातील भागाकारासाठी मात्र जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाला आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली.

बव्हेरियातील एर्लांगेन येथे १६ मार्च १७८९ रोजी ओहम यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कुलुपे बनविणारे कारागीर होते. औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी स्वाध्यायाने गणित व विज्ञान आत्मसात केले आणि मुलांनाही शिकविले. धाकटे बंधू मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आले. १८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाले खरे. परंतु नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंग यांतच ते अधिक रमले. संतापलेल्या वडिलांनी त्यांना विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला धाडले. तेथे अध्यापन करीत त्यांनी गणिताचा व्यासंग चालू ठेवला आणि मायदेशी परतून १८११ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

१८१७ मध्ये कोलोनच्या विद्यालयात ते गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. तेथील प्रयोगशाळेत, तारेची लांबी वाढविल्यास प्रवाह किती घटतो, याचा शोध त्यांनी आरंभला. मात्र त्या काळच्या विद्युतघटाचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरत असे. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र सदोष ठरले. पुढे पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घटाऐवजी तांबे आणि बिस्मथ यांची जोडणी वापरली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात, तर दुसरा बर्फात ठेवला. तापमानांतील फरक कायम राहिल्याने दाबही स्थिर राहिला. निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून त्यांनी चुंबकसूचीच्या साहाय्याने प्रवाह मोजला आणि नियम गवसला. तापमान कायम असता, धातूच्या तारेतील प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात, तर रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

१८२७ मध्ये बर्लिन येथे त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल, ही त्यांची आशा फोल ठरली. भौतिकीतील प्रश्नाची अशी गणिती मांडणी अनेक जर्मन विद्वानांना रुचली नाही. कोलोनची नोकरी सोडलेल्या ओहम यांना पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये लहानसहान अध्यापनावर काढावी लागली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद लाभले.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ले पदक देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, असे दाखवून दिले. ओहम यांच्या नियमाला याची जोड मिळाल्याने दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून शक्ती काढण्याची वाट मोकळी झाली.

तरुणपणापासून हवे असलेले विद्यापीठातील पूर्ण प्राध्यापकपद ओहम यांना म्युनिक येथे १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने विद्युतरोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले.